हद्दीचा दांडा

दवाखान्यातून फोन आला तेव्हा जमीन मोजताना दांडा-साखळी धरणारा साखळीवाला आपल्याच घराच्या कुंपणापाशी पोचला होता. खांद्यावर मोजणीचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दांडा. मोजणीदार साहेब लांब टेकाडावर यंत्राला डोळा लावून बसलेले. घर ओलांडून, पुढच्या पुलाशी असलेल्या शहराच्या नव्या हद्दीच्या दगडावर त्याने दांडा धरायचा होता. फोनवरची बाई एवढंच म्हणाली, "लवकर या." त्याने दांडा तिथेच कुंपणाच्या कोपऱ्यात मातीत खुपसला आणि समोरून आलेल्या ट्रकला हात केला. दवाखान्यात पोचला तेव्हा बायकोला जाऊन तास झाला होता. दांड्याची आठवण त्याला पुढे कितीतरी दिवस झाली नाही.

चार महिन्यांनी तो कर्जाच्या कचेरीत खिडकीसमोर उभा राहिला. सरकारच्या हमीवर मिळणारं घरकर्ज, फक्त खेड्यातल्या घरांसाठी. कागद सगळे बायकोनेच जमवून बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते. तेरा वर्षं ज्या घरात भाड्याने काढली ते मालक विकायला निघाला होता. महिनाअखेरपर्यंत कर्ज मंजूर झालं तर घर त्याचं, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं.

खिडकीतल्या मुलीने एकेक कागद पाहिला. "पगार बसतोय, काका. नोकरीची वर्षं बसतायत. पण तुमचं घर आता शहरात आलंय."

"शहरात? आमच्याकडे दिवसाला एक बस येते. तीही तिच्या मनात आलं तर."

मुलीला हसू आलं, पण तिने नकाशा त्याच्याकडे फिरवला. "नवीन हद्द झाली ना. तुमच्या ओळीतली चारही घरं आत गेली."

नकाशा कसा वाचायचा हे त्याला कुणी सांगायला नको होतं. लाल रेघ पुलाशी थांबायला हवी होती. ती पुढे येऊन एका कुंपणाच्या कोपऱ्यातून गेली होती. कुंपण त्याचं. साहेबांना लांबून दांडा उभा दिसला, त्यांनी माप घेतलं. दांडा धरायला माणूस आहे की नाही, हे कोण बघतो?

त्याचं बोट नकाशावरच्या त्या कोपऱ्यावर थांबलं. मुलगी म्हणाली, "काका, बसा जरा." तो बसला नाही.

घरी फक्त सासू होती. लेकीच्या आजारपणात आली ती राहिलीच. टेप धरायला दुसरं माणूस लागतं, म्हणून त्याने तिलाच पुलाशी नेलं.

"आई, हे टोक दगडावर धरा. हलू नका."

"सत्तरी उलटली माझी. आता कुठे पळून जातेय, जावईबापू? तुमच्या सासऱ्यांनीसुद्धा मला असं उन्हात उभं केलं नव्हतं कधी."

दगडापासून घराची भिंत एकतीस मीटर भरली. त्याने पुन्हा मोजलं. एकतीसच. घर हद्दीबाहेर होतं, खेड्यात होतं.

"मग सांगा की साहेबांना, चूक झाली म्हणून."

"चूक माझी आहे, आई. दांडा मी टाकून गेलो."

"कधी?"

त्याने कुंपणाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "फोन आला तेव्हा."

सासूने दगडावरचं टोक उचललं. टेप गुंडाळायला घेतला. टेप उलटा गुंडाळला जात होता; त्याने तसाच गुंडाळू दिला.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळं कागदावर लिहिलं, फेरमोजणी मागितली आणि कागद मोजणीदार साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी वाचलं, उठून दार लोटलं.

"वेडा झालास का? हे वर गेलं की आधी तुझी नोकरी जाणार. पगार नाही तर कर्ज कोण देईल?"

"आणि हा कागद वर दिलाच नाही तर?"

"तर घर जाईल. पण पोटापाण्याचं तरी राहील." साहेबांचा आवाज खाली आला. "माझ्याही गळ्याशी येईल रे हे. मी वाचलंच नाही असं समजू का?"

साखळीवाल्याने रात्रभर हाच हिशेब मांडला होता. कुठूनही सुरुवात केली तरी तो त्याच खड्ड्यात येत होता.

"नाही, साहेब. तुम्ही वाचलंय. शिक्का मारा."

साहेबांनी शिक्का शाईवर दोनदा दाबला. मग मारला.

संध्याकाळी सासू खिळा आणि हातोडी घेऊन उभी होती. मालकाने भिंतीला खिळा मारायची बंदी केली होती, म्हणून बायकोचा फोटो चार महिने फळीवर टेकवलेला होता. "तेरा वर्षांत एक खिळा मारता आला नाही मला," असं बायको नेहमी म्हणायची.

"मारू का आता?" सासूने विचारलं.

"थांबा, आई. अजून नको."

महिना संपायला नऊ दिवस आहेत. त्याला कामावरून थांबवलंय, चौकशी व्हायची आहे. दांडा धरायला दुसरा माणूस अजून मिळालेला नाही. फेरमोजणी झालेली नाही.