माईंचा सा

एकमेकांच्या तासाला बसा, त्यानं शिक्षक सुधारतात, असं फर्मान मुख्याध्यापकांनी काढलं. शाळेत संगीत शिकवणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून मी माईंच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. मला लहानपणी सूर ओळखायला शिकवलं ते याच माईंनी.

माईंनी पेटीवर सा धरला आणि गायला सुरुवात केली. त्यांचा सूर पेटीपेक्षा चांगलाच खाली उतरला होता. कान दगा देतोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला वाटलं, पोरं गडबडतील. पण अख्खा वर्ग डोळे मिटून त्यांच्या मागोमाग तितकाच खाली उतरला. पेटी बिचारी एकटी पडली.

"कसा झाला गं तास?" माईंनी विचारलं.

"छान," मी म्हटलं. दुसरं काय बोलणार, कपाळ.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या तासाला बसल्या. तास संपल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला.

"वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी मुलं चढ्या सुरात गातात. तुझ्या लक्षातच येत नाही का गं?"

मुख्याध्यापक दारातच उभे होते. खूश होऊन म्हणाले, "याचसाठी तर हे सगळं. उद्यापासून यांच्याही वर्गाला सूर माईच देतील."

माईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.