दहा हजारावा हिस्सा कुलूप

आमच्या गिरणीची रांग डांबरी रस्त्यावर आली, तिच्यात एसटी अडकली आणि सरपंचांनी गिरणीला कुलूप ठोकलं.

आता हे झालंच नाही असं धरून पुढं वाचा. वैष्णवीचं म्हणणं तसंच आहे, आणि आमच्या घरात गणित फक्त तिला कळतं.

वैष्णवी माझी चुलत बहीण, बीडला संख्याशास्त्र शिकते. गिरणी तिच्या वडिलांची, राधाकिशन अण्णांची. पीठ उडवायचं काम माझं. गाव तलवाड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, आणि गिरणी रस्त्याला इतकी लागून की वाटसरूच्या मिशा फुकटात पांढऱ्या होतात.

दळणाच्या रांगेत आमच्याकडं माणूस उभा राहत नाही, डबा उभा राहतो. डबा ठेवायचा, ओळखीला वर कांदा नाहीतर दगड ठेवायचा आणि शेतात निघून जायचं. दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही. बांध कोरलेला एकवेळ खपतो, डबा सरकवलेला खपत नाही.

यंदा गिरणीची परवानगी नवी करायची होती. सरपंच अमरसिंह दादा म्हणाले, "रांग डांबरावर यायची शक्यता किती, ते लिहून द्या. आन एकदा जरी आली, तर कुलूप."

गिरणी बंद म्हणजे अण्णांची चूल बंद आणि वैष्णवीचं बीडही बंद. म्हणून सुट्टीत ती पोत्यावर बसून डबे मोजू लागली. रांग रस्त्याच्या कडेनं लिंबाच्या झाडापर्यंत जायची आणि तिथंच दमायची. त्यापुढं कडेला जागाच नाही, थेट डांबर.

"एकदाबी आली न्हाई. शून्य लिही की," अण्णा म्हणाले.

"दिसलं न्हाई म्हंजी होत न्हाई असं न्हाई, अण्णा. शून्य लिहिता येत न्हाई."

"मग दिसंस्तोवर बस."

"हजारो दिवस बसावं लागंल."

अण्णांनी विचार केला. "आन लग्नाचं कसं मग?"

वैष्णवीनं दुसरी वाट सांगितली. क्वचित होणारी गोष्ट मुद्दाम सारखी होईल असं करायचं, ती बघायची, आणि आपण जेवढा धक्का दिला तेवढ्यानं उत्तर कमी करायचं. "म्हंजी भाजीत मुद्दाम दहापट मीठ टाकायचं, चव घ्यायची आन सांगायचं, रोजची भाजी याच्या दहाव्या हिश्श्यानं खारट."

"आन ती भाजी कोन खानार?" काकूनं, म्हणजे छबुबाईनं विचारलं.

हा प्रश्न कुणी मनावर घेतला नाही.

वैष्णवीला हे सगळं कॉम्प्युटरवर करायचं होतं, खोट्या गिरणीवर, खोट्या डब्यांवर. अण्णांना ते पटेना. "दारात खरी गिरणी असताना खोटी कावून?" तिनं दोनदा नको म्हटलं. अण्णांनी तीनदा हो म्हटलं. बहुमत झालं.

धक्का द्यायचं काम माझ्याकडं आलं. 'परवापासून तीन दिवस लाईट नाही' असं मोजक्या दहा जणांना सांगायचं ठरलं. मी कष्ट वाचवले. शेजारच्या दगडाबाईला एकटीला सांगितलं, आणि वर म्हटलं, "मावशी, कुणाला सांगू नका."

बातमी मारुतीच्या देवळापाशी पोचली तेव्हा तीन दिवसांचा आठवडा झाला होता. वेशीवर महिना झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी हरिबा मुक्कामाच्या तयारीनं मेंढरं घेऊनच आला, कारण त्याला कळलं होतं की लाईट आता पुढच्या निवडणुकीलाच येणार. वायरमन मुंजाजीसुद्धा डबा घेऊन हजर.

मी म्हटलं, "मुंजाजी, लाईट जानार न्हाई हे तुला तर ठाऊक असंल?"

"मला कोन सांगतंय बे? दगडाबाई म्हनली म्हंजी जानारच."

डबे लिंबापुढं गेले. डांबरावर चढले. रस्ता ओलांडून पलीकडच्या चारीत उतरले. तेवढ्यात एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. डब्यांनी दाद दिली नाही. मालक सगळे शेतात. हरिबा तेवढा होता.

"पाव्हणं, डबे सरकवा की!" ड्रायव्हर ओरडला.

"ज्येचा त्येनं सरकवायचा," हरिबा म्हणाला. "माझा इथं न्हाई. माझा चारीत हाय."

ड्रायव्हरनं गाडी मागं घ्यायला गिअर टाकला, तर मागंही डबे. उशिरा आलेल्यांनी रांगेचं शेपूट शोधलं होतं, आणि त्यांच्या हिशोबानं शेपटाला एसटी होती. कंडक्टर खाली उतरून मला म्हणाला, "आमचा नंबर किती वाजंस्तोवर लागंल?"

मी म्हटलं, "तुमच्या पुढं लई जण हायेत. आन दळायचं काय तुमाला?"

एसटीत अमरसिंह दादा बसले होते. त्यांची गाडी दुरुस्तीला टाकलेली. सरपंच एसटीत बसणं ही वैष्णवीच्या मते मुख्य घटनेपेक्षाही दुर्मीळ घटना होती, आणि तिनं ती कौतुकानं बघितली. दादा खाली उतरले, बुटांवरचं पीठ झटकलं आणि स्वतःच्या हातानं कुलूप लावलं. मग रांगेतले सगळे शेतातून धावत आले आणि दादांशी नाही, माझ्याशी भांडले.

वैष्णवी पुढं झाली. "दादा, ही रांग खरी न्हाई. आमी मुद्दाम आणली, दगडाबाईच्या तोंडून. आमचा धक्का दहा हजारपट बसला, म्हनून आज जे झालं त्येचा दहा हजारावा हिस्साच धरायचा."

"म्हंजी मी एसटीत अडकलतो का न्हाई?"

"पूर्ण अडकलता, दादा. पण धरायचं थोडंच."

"आन ही दगडाबाई गप बसली असती तर?"

"त्येचं गणित केलं मी," वैष्णवी खाली बघत म्हणाली. "तिथं मातर शून्यच येतंय."

दादा पहिल्यांदाच हसले. अण्णांना वाटलं, सुटलो. दादांनी किल्ली खिशात टाकली. "जे काय हाय ते लिहून द्या."

म्हणून हे लिहून देत आहोत.

प्रति, माननीय सरपंच महोदय. विषय: गिरणीचे कुलूप योग्य प्रमाणात लावण्याबाबत. वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर घटना पूर्ण घडलेली नसून तिचा दहा हजारावा हिस्साच घडलेला आहे. तरी कुलूपही त्याच प्रमाणात, म्हणजे दररोज सुमारे नऊ सेकंद लावण्यात यावे, आणि ते शक्यतो लाईट गेलेली असताना लावण्यात यावे, ही नम्र विनंती.