एकटीची साडी

मंगळवारी सकाळी सव्वादहाला मिना पोलीस ठाण्यात गेली आणि चार दिवसांपूर्वी विश्वंभरनं आपल्यावर जबरदस्ती केल्याची फिर्याद तिनं दिली. त्या वेळी विश्वंभर कुरुंद्याच्या शिवारात हळद शिजवत होता. हळद वाफवायचा कुकर त्याचा, मजुरांची टोळीही त्याची. टोळीत नऊ बाया, त्यातली एक मिना.

बातमी चुलतभाऊ जळबानं आणली. विश्वंभरनं आधी वाफ बंद केली, मग विचारलं, "कोनती जबरदस्ती?"

त्याच्या मते तसं काही झालंच नव्हतं. शुक्रवारी दुपारी बाया जेवत होत्या. मिना पोती आणायला पत्र्याच्या खोलीत गेली, मागून तो गेला. तिला तिकडं त्यानंच धाडलं होतं, एवढं मात्र त्याला आठवत नव्हतं. ती दोनदा न्हाई म्हणाली, बाया म्हणतातच. तिसऱ्यांदा म्हणाली नाही, कारण तिच्या तोंडावर त्याचा हात होता. ती गप्प राहिली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शनिवारी कामावर आली, हेही.

"तकलीफ झालेलं मानूस कामावर येतं का?" तो म्हणाला.

"भर सुगीत टोळी सोडली तं दुसरा कोन घेतो तिला?" जळबा म्हणाला.

"मी काय वाईट वागलो का मंग? साडी बी देली."

हळदीचा शेवटचा कुकर उतरला की मालकीण टोळीतल्या बायांना कुंकू लावून साडी देते. सगळ्यांना, एकाच दिवशी. विश्वंभरनं रविवारीच, घरच्या कपाटात त्यासाठी आणून ठेवलेल्यांतली एक साडी काढून मिनाच्या दारात नेऊन ठेवली होती. अजून सात एकर हळद शिजायची होती. परतताना त्याला फार हलकं वाटलं होतं. आपण लोकांचं मन राखणारं माणूस आहोत, असं.

मिनानं घडी न मोडता ती साडी ठाण्यातल्या टेबलावर ठेवली होती.

"सुगी चालू, अन् एकटीलाच साडी," जळबा म्हणाला. "पान्यात हागलेलं वर येतंच, बापू. वैनीला इचारलं व्हतं का?"

विश्वंभरनं कुकरची वाफ पुन्हा सोडली.

दीडला पोलीस आले. त्यांच्याबरोबर जाताना विश्वंभरनं बायांना बजावलं, कुकर उतरवा, जास्त शिजली तर हळदीचा रंग जातो. एकही उठली नाही. जळबाला तो हळूच म्हणाला, "मिनाला म्हनावं, माझा काई राग न्हाई तिच्यावर."

ठाण्यात त्यानं सांगितलं, साडी मी दिली नाही, तिनं आमच्या घरातून चोरली असेल. तासाभरात त्याला ते स्वतःलाच खरं वाटू लागलं, आणि शेजारच्या शिपायाला तो चोरीचा ताप कसा वाढला आहे ते समजावू लागला.

चार वाजता त्याची बायको जनकाबाई हिला बोलावणं गेलं. नऊच्या नऊ साड्या वसमतहून तिनंच आणल्या होत्या. रविवारी संध्याकाळी कपाटात आठच दिसल्या, तेव्हा तिनं नवऱ्याला काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी ती दिवसभर घरातच होती, आणि मिना तिच्या उंबऱ्याला आलेली नव्हती. हे सांगू शकणारी ती एकटीच.

फौजदारबाईंनी साडी तिच्यापुढं सरकवली. "ही चोरीला गेली का दिली?"

भिंतीलगतच्या बाकावर मिना बसली होती. जनकाबाईनं साडीचा काठ बोटांनी चाचपला.

"आधी पानी द्या," ती म्हणाली.

साडेसहा वाजले तरी ती सांगतच होती, जबाब पूर्ण झालेला नव्हता.