डिलक्स गाडी अन रंगूबाईचे पाय

अकोल्याजवळच्या मालेगावाकडच्या उकंडरावांनी फटफटी घ्यायचं ठरवलं, तेव्हा बायकोनं, रंगूबाईनं, एकच मागणं मागितलं. यंदा भाऊबीजेला भावाच्या गावी एसटीत चेंगरत जायचं नाही, नवऱ्याच्या मागं बसून जायचं. बाकी गाडी कशी का असेना, "मले पाय ठेवायले जागा पाह्यजा," एवढंच ती म्हणाली.

अकोल्याच्या दुकानात साध्या गाडीला लांब सीट होती, बाजूला पायदान होतं, लुगडं चाकात जाऊ नये म्हणून जाळी होती. आणखी काय पाहिजे? पण शेजारीच उभी होती डिलक्स! पुढं वाऱ्याला काच, जास्तीचे दिवे, अन मागं दोन्ही अंगांना पांढऱ्याशुभ्र पत्र्याच्या पेट्या. दुकानदार भला माणूस. त्यानं सांगून टाकलं, की पेट्यांपायी पायदान अन जाळी काढावी लागते, बाईमाणूस एका अंगानं बसलं तर पाय लोंबकळतात. ऐकतो कोण! उकंडरावांच्या डोळ्यांपुढं मेहुणा जगदेव नाचत होता. वरात बैलगाडीतून आली म्हणून लग्नात दात काढणारा जगदेव, अन अजून सायकलच दामटतो. बायको काय, पुढच्या वर्षीही बसेल. मेहुण्याची जिरवायची ती यंदाच. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण तिला अक्कलही नसते, हे कोणी म्हणत नाही.

भाऊबीजेला रंगूबाईनं बसून पाहिलं. पाय पेटीवरून घसरला, दुसऱ्यांदा घसरला. तिनं पिशवी उचलली अन एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.

साल होतं शहात्तर. नसबंदीवाल्यांच्या धास्तीनं गावोगावची माणसं रात्री अर्धी जागीच राहत होती. त्यात दवाखान्याच्या वाटाव्या अशा पांढऱ्या पेट्यांची फटफटी, तिच्यावर काळा चष्मा अन कडक इस्त्रीचे कपडे घातलेला, ओळखू न येणारा माणूस धुरळा उडवत जगदेवाच्या गावच्या वेशीत शिरला. कोणीतरी हाळी दिली, अन बघता बघता सारे बाप्ये तुरीच्या शेतात पसार! उरली ती कुत्री. उकंडरावांना वाटलं, हार आणायला गेले असतील. बिचारे पारापाशी गाडी लावून काच पुसत बसले.

एसटी आली तेव्हा ते अजून पुसतच होते. रंगूबाईच्या सारं ध्यानात आलं. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन तिनं हाक मारली, "दादा, निंगा बाहेर. सरकारी नाही, घरचेच हायेत."

एकेक माणूस बाहेर आला. जगदेवाच्या मिशीत तुरीचा पाला अडकला होता. तो पोट धरून हसला, अन मग सरळच विचारलं, "पण भाऊजी, बाईले काहून नाही बसवलं मांगं? बाई दिसली असती तं कोन पयालं असतं? नसबंदीवाला का बायको घेऊन येते?"

उकंडरावांचं तोंड कडू झालं. जेवणही गोड लागलं नाही. ओवाळणं उरकताच त्यांनी पाना मागवला, घामाघूम होऊन एक पेटी खोलून काढली अन सीटवर हात थोपटला. चल, आता बस म्हणाले.

रंगूबाईनं ती पेटी उचलून त्यांच्या हातात दिली. "ज्याईच्यासाठी जागा केली, त्याईलेच न्या घरी," ती म्हणाली, अन एसटीत चढली.

सुटी पेटी न्यायची कुठं? जगदेवानं दोरी आणून ती सीटवर, रंगूबाईच्या जागेवर, घट्ट बांधून दिली. सारं गाव वेशीपर्यंत निरोप द्यायला आलं.