आधी जुनी डिस्क

कॉम्प्युटर चालू होत नाही म्हटल्यावर जो माणूस मॉनिटरला चापट मारतो, त्याच्याशी माझं लग्न ठरायचं होतं.

त्याचं नाव बुद्धभूषण. गाव सारोळे, नोकरी पुण्यात, 'आयटीत'. आयटीत म्हणजे नक्की कशात, हे त्याने दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा वेगळं सांगितलं. सोबत त्याचा मामा गेनबा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दोघांच्या वाटचं बोलायला आलेला. समोर मी आणि माझी आई कमळाबाई. आम्ही बसलो होतो भोरमध्ये, सगुणाबाईंच्या वधू-वर केंद्रात, म्हणजे टेलरच्या दुकानावरच्या एका खोलीत. सगुणाबाई निवृत्त शिक्षिका. आपल्या समाजात पत्रिका बघत नाहीत याचा त्यांना भारी अभिमान. पत्रिका सोडून बाकी सगळं बघतात: रंग, उंची, भावाची नोकरी, आणि मुलगी उलट उत्तर देते का.

मी बत्तीस वर्षांची. भोरच्या एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ते लग्नानंतर बंद करायचं, एवढी एकच अट सारोळेकरांनी घातली होती. एकच म्हणून आई खूश होती. ती आमच्या गावाहून, पालीहून, सकाळच्या एसटीने आली आणि टेलरच्या जिन्यातच तिने माझा हात धरला.

"संजू, ह्या टायमाला न्हाई म्हनू नको. मला शबूद दे."

मी दिला. दहा मुलांना नाही म्हणून झालं होतं, आणि जिन्यात टेलर ऐकत होता.

सगुणाबाईंनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पांढरी अक्षरं असलेला काळा पडदा आला आणि तिथेच थांबला. बाई आठ दिवस लेकीकडे गेल्या होत्या, मेन स्विच बंद करून. मला बघताक्षणी कळलं काय झालंय ते. मदरबोर्डवर एक गोल सेल असतो, शर्टाच्या गुंडीहून थोडा मोठा. वीज नसताना बोर्डाची तारीख आणि सेटिंग तो सांभाळतो. तो संपला आणि वीजही तोडली, की बोर्ड सगळं विसरतो. विंडोज कुठल्या डिस्कवरून सुरू करायची तेसुद्धा. सेल बदला म्हणून मी बाईंना दोनदा सांगितलं होतं. बायका-पोरींचं कॉम्प्युटरमधलं कोण ऐकतो, आणि बाई तर स्वतः बाई असून ऐकत नाहीत.

"सरका, बघू," म्हणत बुद्धभूषण उठला. मॉनिटरला चापट मारली. मग केबल हलवली. मग कमरेवर हात ठेवून निदान केलं.

"मदरबोर्ड गेलाय. किंवा व्हायरस. फॉरमॅट मारावा लागेल."

जो बोर्ड आपली अडचण पडद्यावर लिहून दाखवतोय, तो गेला, असं आयटीतला माणूस सांगत होता. दोन ओळींचं इंग्रजी. तेवढं वाचायचे कष्टही त्याला नकोत. फॉरमॅट मारला तर केंद्रातली सगळी नावं जातील, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"एफ वन दाबा, खाली लिहिलंय," मी म्हणाले. आईने माझ्या कोपराला चिमटा काढला.

तो हसला. "तुम्ही मोबाईल रिचार्ज वगैरे करता ना? हे जरा वेगळं असतं."

मी शब्द दिलेला नसता, तर त्या वाक्याला मी जिन्यापर्यंत पोहोचवून आले असते. बाईंनी भीत भीत एफ वन दाबलं, आणि कॉम्प्युटर सुरू झाला. बुद्धभूषणने मामाकडे असं बघितलं, जणू ते त्याच्या चापटीनेच झालं.

पण जे सुरू झालं ते वेगळंच होतं. दोन वर्षांपूर्वी मी त्यात नवी, वेगवान डिस्क बसवली होती आणि सगळं काम तिच्यावर नेलं होतं. जुनी डिस्क पुसू का विचारलं, तर बाई म्हणाल्या, राहू दे, जुनं आहे. ती तशीच आत पडून होती, जुन्या विंडोजसकट, जुन्या बायोडाट्यांसकट. आता सगळं विसरलेल्या बोर्डाने तिलाच आधी हाक मारली. टेलरच्या माडीवर जुनी सालं उघडली. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांनी सवयीने 'मुलगे' उघडून सारोळ्याचं नाव शोधलं.

फोटोत हाच माणूस होता, डोक्यावर जास्त केस. खाली लिहिलं होतं, वय एकतीस, नोंदणी दोन हजार सतरा.

आईच्या हातात या वर्षीचा कागद होता. त्यावर वय तेहेतीस. आठ वर्षांत हा माणूस दोन वर्षांनी मोठा झाला होता. आई बोटांवर मोजायला लागली. मी तर हसलेच.

"टायपिंगची चूक हाय ती," गेनबा लगेच म्हणाला. "बाई, तुमी बी कायच्या काय लिवता."

"अहो, एवढं-तेवढं वय सगळेच कमी सांगतात, कमळाबाई," सगुणाबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई!

आणि माझ्या आईने मान डोलावली. मला तिची इतकी चीड आली, की मी खिडकीकडे तोंड फिरवलं. दोन वर्षं, आठ वर्षं, काहीही चालणार होतं तिला. फक्त मी नाही म्हणायचं नव्हतं.

गेनबाला मात्र जोर चढला. "पोरीचा बी काडा की जुना. असंल हितंच."

होता. चोवीसाव्या वर्षी माझं नाव इथंच घातलं होतं, ते मीच विसरले होते. स्टुडिओतला फोटो, पिवळी साडी, मागे खोटा धबधबा. बुद्धभूषणने मोठ्याने वाचलं, एकेक शब्द सुटा सुटा करून.

"स्वभाव अबोल. लग्नानंतर सासरच्या इच्छेप्रमाणे नोकरी सोडण्याची तयारी." मग माझ्याकडे वळला. "तेव्हा तयारी होती. मग आताच काय झालं?"

त्या दिवशी तो पहिल्यांदाच काहीतरी नीट वाचत होता. तेव्हा मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये नोकरीला होते, दुपारी मशीन उघडून शिकत होते, आनंदात होते. आणि घरी येऊन हे लिहून दिलं होतं? त्या पिवळ्या साडीतल्या पोरीची मला लाज वाटली. समोरच्या दोघांपेक्षा तीच मला जास्त फालतू वाटली.

"तेव्हा का नाही आलात?" मी म्हणाले. "इथंच नाव होतं तुमचं, एकतीस वर्षांचे होतात. ही मिळाली असती. दुकान नव्हतं, तोंड नव्हतं. आयती मिळाली असती."

"म्हणजे?" तो म्हणाला. त्याला खरंच कळलं नाही.

मी बाईंना उठवलं आणि कीबोर्ड ओढला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, डिलीटचं बटण दाबत राहिले, सेटिंगचा निळा पडदा आला. डिस्कच्या यादीत नवी वर घेतली, जुनी खाली ढकलली, जतन केलं. दीड मिनिटाचं काम. बुद्धभूषण मोबाईलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं बघत होता. कॉम्प्युटर नव्या डिस्कवरून सुरू झाला, या वर्षीची नावं समोर आली.

"हं, आता पुढचं बोलू," सगुणाबाई म्हणाल्या. "संजीवनी, तुझं काय? हो ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाही म्हणू शकत नव्हते, शब्द दिला होता. आणि हो म्हणायचं नव्हतं. मी आईकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती, पिवळी साडी जिथे होती तिथे.

"ते सासरच्या इच्छेपरमानं," ती म्हणाली, "ते म्या लिवाया लावलं हुतं. ही न्हाईच म्हनत हुती. म्या दोन दिस जेवले न्हाई, तवा लिवलं तिनं."

मला हे आठवतच नव्हतं. आठ वर्षं मी ते वाक्य मनाच्या कोपऱ्यात टाकून दिलं होतं, आणि आता समोर आलं तर माझंच म्हणून पदरात घेतलं होतं.

"जुनं जाऊ द्या की, ताई," गेनबा म्हणाला.

आईने त्याच्याकडे बघितलंच नाही. हातातला कागद तिने टेबलावर ठेवला. "बाई, हिचं नाव काडा त्यातनं."

"कमळाबाई, नीट विचार करा. पुन्हा असं स्थळ—"

"काडा म्हनते न्हवं."

सगुणाबाईंनी माझं नाव शोधलं, त्यावर बाण नेला, बटण दाबलं. पडद्यावर एक चौकोन आला. बाईंनी चष्मा सावरला.

"नक्की काढायचं का, विचारतोय."

"व्हय," आई म्हणाली. "सांगा त्येला."