योनाची कथा आणि मोडलेली छडी

मित्रांनो, मी बर्चच्या लाकडाची, बुचाच्या मुठीची, दीड वीत लांबीची छडी. आता जुनी झाले आणि खरे सांगायचे तर जरा चिडलेलीही आहे.

फ्रीसलंड या उत्तरेकडच्या थंड प्रांतातल्या विब्रेन होकेमा यांनी मला स्वतः तासून घडवले. ते वाद्यवृंदाचे संचालक. माझ्या टोकाच्या इशाऱ्यावर व्हायोलिने उठत, नगारे थांबत. तीस वर्षे आम्ही दुसऱ्यांच्या रचना वाजवून घेतल्या. लोकांनी वाहवाही केली. पण विब्रेन यांची स्वतःची एक रचना होती. देवाने सांगितलेले काम टाकून पळालेल्या योनाची ती गायलेली कथा. कीर्तनच म्हणा ना. ती गावच्या चर्चमध्ये एकदा तरी गायली जावी, एवढीच त्यांची आस.

ते ठरवायला गावच्या गायकमंडळाची दरवर्षी बैठक भरे. कॉफी, प्रत्येकी एकच बिस्कीट, आणि सगळ्यांचे एकमत होईपर्यंत चर्चा. एकमत काही होत नसे. अकराव्या वर्षी कसाबसा फेब्रुवारीतला एक रविवार ठरला, दुपारी तीनला.

नेमका त्याच आठवड्यात कालवा गोठला. नऊ वर्षांनी बर्फ धरला होता, मग काय विचारता! तीन वाजता वादक हजर, पण चाळीसपैकी एकही गायक नाही, श्रोता नाही. सारे गाव पायाला घसरायची लोखंडी पाती बांधून बर्फावर. विब्रेन यांनी तासभर वाट पाहिली आणि संतापून मला समोरच्या, स्वरलिपीचे कागद ठेवायच्या चौकटीवर आपटले. माझे दोन तुकडे झाले.

पाचला उजेड उतरल्यावर गाव एकदम चर्चमध्ये शिरले. गळ्यात पाती, लाल नाके, अंगाला वाटाण्याच्या सुपाचा वास.

“तोंड पाडू नकोस, विब्रेन,” मंडळाच्या अध्यक्षा चित्स्के म्हणाल्या. “योनापण पळालाच होता की. आम्ही तर कालव्यापर्यंतच गेलो.”

“त्याला माशाने गिळलं. तुम्हाला गिळायला एखादा मासा नव्हता?”

“होता रे. पण बर्फ जाड होता. आता गायचं की नाही?”

विब्रेन यांचा हात माझ्याकडे आला. हाती नुसती मूठ लागली. ती त्यांनी टाकून दिली आणि रिकामे हात उचलले.

थंडीने बसलेल्या घशांनी ती माणसे काय गायली! माशाच्या पोटातून योना देवाला हाक मारतो, तिथे चित्स्के यांना पुढचा सूर लागेना, इतके भरून आले. मी खाली धुळीत. मला दिसत होत्या फक्त विब्रेन यांच्या तालावर उठणाऱ्या टाचा. देवाचे नाव गायले गेले, आनंदच आहे. पण ते माझ्यावाचून इतके चांगले झाले, हे मला अजून सोसत नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो, राग आला की आधी हातातली वस्तू खाली ठेवा. तासाभरात तिचेच काम पडणार असते.