हललेला फोटो

गोदूची मागणी साधी होती. ती गेल्यावर भिंतीवर नवऱ्याच्या, भागोजीच्या फोटोशेजारी लावायला तिला स्वतःचा एक बरा फोटो हवा होता. "आधारकारडावरचा नको. त्यात मी चोरटी दिसतंय." मग एकच उरत होता. दोन वर्षांपूर्वी काशीदच्या किनाऱ्यावर तिन्हीसांजेला भागोजीने फोनवर काढलेला, आणि तोही हललेला.

"एक काम कवा धड केला न्हाय," ती म्हणाली. नवरा जाऊन वर्ष होत आलं तरी बाईचा राग गेला नव्हता. चांगला धडधाकट माणूस, चालता ट्रक विकून ओटीवर बसला. का, तर म्हणे कंटाळा आला. तिने त्याला चारचौघांत आळशी म्हटलं. एका पहाटे तो झोपेतच गेला, तोवर म्हणत राहिली.

तिची लेक कल्पिता पुण्याच्या प्रयोगशाळेत विस्कटलेला प्रकाश गणिताने पुन्हा जागेवर आणायचं काम करते. आईच्या डोक्यावरून जाणारं ते काम आज पहिल्यांदा घरी उपयोगाला येणार होतं. "मंग माझा तोंड आन जाग्यावर," गोदू म्हणाली.

कल्पिता लॅपटॉप घेऊन ओटीवर बसली. गोदूच्या नाकातली चमकी फोटोत ठिपका न राहता वेडीवाकडी रेघ झाली होती. मागच्या टपरीच्या बल्बचीही हुबेहूब तशीच रेघ. म्हणजे गोदू नव्हे, फोन हलला होता. रेघ जशी गेली तसा हात गेला. तेवढं गणिताने उलटं फिरवलं की चेहरा परत येतो. आलाच. गोदू हसत होती, कपाळावर बट आली होती.

"ही मी?" गोदू हरखली. मग पडद्याच्या कोपऱ्यात मोठी करून ठेवलेली रेघ तिला दिसली. "आन ही रेघ कसली?"

कल्पिता मघापासून त्या रेघेकडेच बघत होती. धक्का लागला असता तर रेघ एकदाच सरकली असती. ही त्याच वाटेने पुन्हा पुन्हा मागेपुढे गेली होती. सांगावं की गिळून टाकावं, तिला कळेना. पण आईशी खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

"बाबांचा हात हाय, आये. कापत व्हता. तवापासूनच."

काशीदहून आल्यावर त्याच आठवड्यात त्याने ट्रक विकला होता. गोदूने पडद्यावरच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"अर्धाच कप च्या मांगायचा," ती म्हणाली. "भरून दिला का तसाच ठेवायचा. मी उठून गेली का मंग प्यायचा. माना वाटला, नखरे करतंय."

आणि ती रडली. तो गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

जरा वेळाने कल्पिताने विचारलं, नीट झालेला फोटो छापून आणू का.

"नको," गोदू म्हणाली. "यात मी एकलीच हाय. हालला व्हता तोच लाव."